श्वास नाकाने, श्वसन पेशीत: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातवी-आठवीच्या वर्गात ‘श्वसन म्हणजे काय?’ असं विचारलं की हात पटापट वर होतात. ‘श्वास आत घेणे आणि बाहेर सोडणे,’ हे उत्तर ठरलेलं. नाक, श्वासनलिका, फुप्फुसं अशी आकृतीही मुलं सुबक काढून दाखवतात. पण त्यांनाच पुढचा प्रश्न टाकून पाहा: कोठीतली ज्वारी श्वसन करते का? वर्ग गप्प होतो, नाहीतर हसतो. ज्वारीला नाक कुठे असतं?

गोंधळाचं मूळ इथेच आहे. श्वासोच्छ्वास म्हणजे हवेची ये-जा: छातीचा पिंजरा फुगतो, श्वासपटल खाली जातं, हवा आत येते आणि मग बाहेर पडते. श्वसन म्हणजे अन्नातली ऊर्जा मोकळी करण्याची रासायनिक क्रिया. ती प्रत्येक जिवंत पेशीत चालते. ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, आणि सुटलेल्या ऊर्जेचा काही भाग एटीपी या रेणूच्या रूपात पेशीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. दहावीच्या पुस्तकात ग्लायकोलायसिस आणि तंतुकणिका समोर येतात तेव्हा मुलं ती निव्वळ पाठ करतात, कारण तोवर त्यांच्या डोक्यात श्वसन नाकापाशीच अडकलेलं असतं.

अमरावती-अकोल्याच्या मुलांसाठी हा फरक परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही. साठवलेलं धान्य, ओल धरलेलं सोयाबीन, पाणी साचलेलं वावर, कोवळी ज्वारी खाल्लेलं ढोर, या सगळ्या गोष्टी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. म्हणून नेहमीचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज 1: जो श्वास घेत नाही, तो श्वसनही करत नाही.

वस्तुस्थिती: मोड आणण्यासाठी भिजवून फडक्यात बांधलेली मटकी सकाळी हातात घेऊन पाहा. पुरचुंडी कोमट लागते. ती ऊब दाण्यांच्या श्वसनाची आहे. मटकीला फुप्फुसं नाहीत, पण पेशी आहेत, आणि पाणी मिळताच त्या साठवलेलं अन्न वापरू लागतात.

शाळेत हाच प्रयोग नीट करता येतो. दोन थर्मास घ्या. एकात भिजवलेले हरभरे आणि दुसऱ्यात उकडून गार केलेले हरभरे भरा. तोंडाशी कापसाचा बोळा लावून त्यातून तापमापी आत सोडा. एक-दोन दिवसांत जिवंत हरभऱ्यांचं तापमान चढलेलं दिसेल. उकडलेले तसे तापणार नाहीत, मात्र जास्त दिवस ठेवले तर ते सडू लागतील आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने गरम होतील. तेही मुलांना सांगण्यासारखंच आहे.

कोरडं धान्यसुद्धा श्वसन करतं, फक्त फार मंद. ओलावा वाढला की वेग वाढतो. पावसात सापडलेल्या सोयाबीनच्या गंजीत हात घातला की आत गरम लागतं, ते दाण्यांच्या आणि बुरशीच्या श्वसनामुळे. बियाण्याची उगवणशक्ती अशाच गरमीत जाते. धान्य साधारण 12 टक्क्यांच्या आत ओलावा येईपर्यंत वाळवून मगच भरावं, असं सांगतात ते याचसाठी.

आपल्याकडच्या जुन्या पेवांनी हा धडा फार महागात शिकवला आहे. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार: अरुंद तोंड, खाली रुंद पोट, आतून कडब्याचं किंवा भुशाचं अस्तर. तोंड बंद केलं की दाणे आणि त्यातले किडे आतला ऑक्सिजन वापरत जातात आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यामुळे किडे मरतात आणि ज्वारी टिकते. पण तोंड उघडताच माणूस आत उतरला तर तोही दगावतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, तो तळाशीच बसून राहतो. हवेत त्याचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत शुद्ध हरपते. म्हणून जुनी माणसं पेव उघडून बराच वेळ तसंच ठेवत आणि आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर आत मरण आहे हे नक्की. मात्र तो जळत राहिला म्हणून आतली हवा सुरक्षित आहे असं धरून चालत नाही.

गैरसमज 2: श्वास चालू आहे, म्हणजे श्वसन चालू आहे.

वस्तुस्थिती: याचं उत्तर वऱ्हाडातल्या कोणत्याही पशुपालकाला ठाऊक आहे, फक्त ते विज्ञानाच्या तासाला कोणी विचारत नाही. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर बुडख्याला आलेले हिरवे फुटवे जनावराने खाल्ले की ‘ढोराले किराळ लागली’ म्हणतात. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं. ते चावलं गेलं आणि पोटात गेलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं, म्हणजेच सायनाइड.

सायनाइड फुप्फुसांना हात लावत नाही. ते प्रत्येक पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये जाऊन बसतं आणि ऑक्सिजन वापरणारं शेवटचं विकरच बंद पाडतं. जनावर जोरजोरात धापा टाकतं. हवा आत जाते, रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. वापरला न गेल्यामुळे शिरांतलं रक्तसुद्धा लालभडक राहतं. श्वास जोरात चालू आणि श्वसन ठप्प. काही वेळा तासाभराच्या आत जनावर जातं.

पशुवैद्य वेळेवर पोहोचला तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं देऊन ते वाचवता येतं, म्हणून घरगुती उपायांत वेळ घालवू नये. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी होतो. श्वास आणि श्वसन यांतला फरक मुलांना समजावण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

गैरसमज 3: श्वसन फुप्फुसांत होतं.

वस्तुस्थिती: फुप्फुसांतल्या वायुकोशांत होते ती वायूंची अदलाबदल. ऑक्सिजन रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड रक्तातून बाहेर येतो. खरी क्रिया पेशीत होते. ग्लुकोजचं पहिलं विघटन पेशीद्रव्यात आणि पुढचा मोठा भाग तंतुकणिकांत.

हा गैरसमज करून घेणारी आपली मुलं काही पहिली नाहीत. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने 1780च्या दशकात लाप्लासच्या साथीने गिनिपिगला बर्फाच्या पेटीत ठेवलं, किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि श्वसन हे एक मंद ज्वलन आहे असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष मोलाचा होता, पण हे ज्वलन फुप्फुसांत होतं असं त्याला वाटत होतं. ते ऊतींमध्ये आणि पेशींमध्ये होतं हे ठरायला पुढे अनेक दशकं लागली. हे मुलांना जरूर सांगावं, म्हणजे चुकीच्या उत्तराची लाज वाटणार नाही.

गंमत म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच नसतात. त्या ऑक्सिजन पोचवतात, स्वतः वापरत नाहीत. आपली ऊर्जा त्या ऑक्सिजनशिवायच्या विघटनातून मिळवतात.

गैरसमज 4: आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो.

वस्तुस्थिती: आपण आत घेतो ती हवा आणि बाहेर सोडतो तीही हवाच. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के असतो. बाहेर पडणाऱ्या हवेत ऑक्सिजन 16-17 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 4 टक्क्यांच्या आसपास. नायट्रोजन जवळपास जसाच्या तसा राहतो. उच्छ्वासात एवढा ऑक्सिजन उरतो म्हणूनच बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास देऊन वाचवता येतं.

फरक दाखवायला पानठेल्यावरचा चुना पुरतो. शिक्षकांनी तो पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्यावी. एका ग्लासातल्या निवळीत नळीने हळूहळू फुंकायचं, दुसऱ्यात सायकलच्या पंपाने हवा सोडायची. फुंकलेली निवळी लवकर दुधाळ होते, पंपाची बराच वेळ नितळ राहते. निवळी तोंडात ओढायची नाही आणि डोळ्यांपासून दूर ठेवायची, हे आधी बजावून सांगावं.

मग विचारावं: हा कार्बन कुठून आला? सकाळी खाल्लेल्या भाकरीतून आला. वजन उतरतं तेव्हाही चरबीचा बहुतेक भाग घामावाटे नाही, तर कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो.

गैरसमज 5: झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि श्वसन फक्त रात्री करतात, पिंपळ मात्र रात्रीही ऑक्सिजन देतो.

वस्तुस्थिती: झाडांचं श्वसन चोवीस तास चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो, म्हणून ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन सुटतो तो पाण्याच्या रेणूपासून, आणि त्याला प्रकाश लागतोच. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवतात, पण अंधारात ऑक्सिजन कोणीच सोडत नाही. पिंपळही नाही, तुळसही नाही. झाडाखाली झोपल्याने माणूस गुदमरतो हेही खरं नाही. उघड्या हवेत झाडाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड अगदी किरकोळ असतो.

गैरसमज 6: मुळांना फक्त पाणी लागतं.

वस्तुस्थिती: मुळांच्या पेशींनाही ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. आपल्या काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की या पोकळ्या भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10 हजार पट संथ पसरतो. मुळं गुदमरतात, क्षार आणि पाणी ओढण्याची ताकद त्यांच्यात राहत नाही. म्हणून पाण्यात उभी असलेली पऱ्हाटी तहानल्यासारखी मान टाकते. रुंद वरंबा-सरीवर म्हणजे बीबीएफवर सोयाबीन पेरायला सांगतात, वावरात चर काढायला सांगतात, त्यामागे मुळांचं श्वसन आहे. घरी एक कुंडी पाण्याने तुडुंब आणि दुसरी नुसती ओलसर ठेवली तर मुलांना हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

गैरसमज 7: खोल श्वास घेतले की शरीरात ऑक्सिजन साठतो.

वस्तुस्थिती: निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या श्वासानेही 95 टक्क्यांहून जास्त भरलेलं असतं. कोरोनाच्या काळात ऑक्सिमीटरवर हा आकडा घरोघरी पाहिला गेला. खोल श्वासाने तो फारसा वाढत नाही. प्राणायामाने मन शांत होतं, श्वासावर ताबा येतो. तो फायदा खरा आहे, पण ती ऑक्सिजनची साठवण नव्हे.

हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. श्वास घेण्याची ओढ लागते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. विहिरीत बुडी मारण्याआधी मुलं भराभर खोल श्वास घेतात. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, ऑक्सिजन मात्र तेवढाच राहतो. पाण्याखाली पेशी तो वापरत जातात, तरी श्वासाची ओढ वेळेवर लागत नाही, आणि मूल काही कळायच्या आत बेशुद्ध होतं. पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडतं.

गैरसमज 8: चिखलदऱ्याच्या हवेत ऑक्सिजन जास्त असतो.

वस्तुस्थिती: चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, आणि हवेचा दाब अमरावतीपेक्षा आठ-नऊ टक्के कमी असल्याने प्रत्येक श्वासात तो किंचित कमीच मिळतो. तिथे बरं वाटतं ते गारव्याने आणि धूळ-धूर कमी असल्याने.

आता शिकवण्याबद्दल. हे सगळे गैरसमज धडा नाकापासून सुरू केल्याने मुरतात. नाकाची आकृती आधी आली की मुलाच्या मनात श्वसन म्हणजे नाक हे पक्कं बसतं, आणि मग ज्वारी, मुळं, बुरशी या सगळ्या गोष्टी अपवाद वाटू लागतात. धडा अन्नापासून सुरू करावा. भाकरीतली ताकद पायांत कशी येते, हा पहिला प्रश्न. त्यासाठी पेशीला काय लागतं, हा दुसरा. ते तिथवर पोचतं कसं, हा तिसरा, आणि नाक-फुप्फुसं या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येतात. माशाचे कल्ले, गांडुळाची ओलसर त्वचा, पानांची पर्णरंध्रं हीसुद्धा त्याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, हे मग सांगावंही लागत नाही.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती आहे. यंदा हा धडा घ्याल तेव्हा व्याख्या शेवटी लिहून द्या. आधी मुलांच्या हातात मटकीची कोमट पुरचुंडी द्या, चुन्याची निवळी द्या, आणि कोवळी ज्वारी ढोरांना का घालू नये हे त्यांच्या आजोबांना विचारून यायला सांगा. आणि जुनं पेव, बंद विहीर किंवा शेणखताचा झाकलेला खड्डा यांत कोणी पडलं तर मागोमाग आत उडी घ्यायची नाही, आधी मोठ्यांना हाक मारायची, हे त्याच तासाला बजावून सांगा.