ब्राउझर निवडताना : वेग, बॅटरी आणि धंद्याची गुप्तता

व्यापारी असो वा कारागीर, आज त्याचा बराचसा व्यवहार मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून चालतो. जीएसटीचे विवरणपत्र भरणे, बँकेचे खाते पाहणे, सुताचा किंवा चामड्याचा भाव शोधणे, उद्यम नोंदणी करणे ही सारी कामे ब्राउझरमधून होतात. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडून दाखविणारा प्रोग्रॅम. मोबाईल विकत घेताना चार दुकाने फिरणारा आपला माणूस ब्राउझर मात्र मोबाईलबरोबर जो आयता मिळाला तोच वर्षानुवर्षे वापरतो. मग पान उघडायला वेळ लागतो, संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते आणि एकदा कर्जाची चौकशी केली की महिनाभर कर्जाच्याच जाहिराती मागे लागतात.

या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचे मूळ बव्हंशी एकच आहे. ते कोणते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

छाप अनेक, गिरण्या तीन

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत तयार केला. पुढे १९९४ साली नेटस्केप आणि १९९५ साली इंटरनेट एक्सप्लोरर आले. त्यांचा जमाना आता संपला असून एक्सप्लोरर तर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केला. आज क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट, फायरफॉक्स आणि सफारी ही नावे प्रमुख आहेत.

कापडाच्या व्यापाऱ्याला हे ठाऊक असते की, छाप वेगळा असला तरी कापड कधी कधी एकाच गिरणीचे असते. ब्राउझरचेही तसेच आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि सॅमसंग इंटरनेट हे सर्व क्रोमियम नावाच्या एकाच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचे इंजिन गेको, तर सफारीचे वेबकिट. भारतात आयफोनवर तर कोणताही ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच चालते.

म्हणून ‘आमचा ब्राउझर सर्वांत वेगवान’ या दाव्याला फार महत्त्व देऊ नये. खरा फरक पडतो तो ब्राउझर काय अडवितो आणि काय आत येऊ देतो, यामुळे.

पान जड का होते?

भाव पाहण्यासाठी एखादे पान उघडले की, फक्त भावाचा तक्ता येत नाही. त्याच्याबरोबर जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि वाचकाच्या मागावर राहणारे छोटे छोटे प्रोग्रॅम येतात. ते पान ज्याचे आहे त्याचेच हे सर्व नसते. अनेक त्रयस्थ कंपन्यांचा त्यात वाटा असतो. प्रत्येक कंपनीकडून माहिती आणावी लागते, तिच्याकडे पाठवावी लागते आणि तिचा प्रोग्रॅम तुमच्या मोबाईलवर चालवावा लागतो.

याचा परिणाम असा की, पान उशिरा उघडते, डेटा खर्च होतो, मोबाईल तापतो, बॅटरी उतरते आणि तुम्ही काय पाहिले याची नोंदही परक्या वहीत होते. त्यामुळे हा माल दारातच अडविला तर वेग, बॅटरी आणि गुप्तता या तिन्ही गोष्टी एकाच उपायाने सुधारतात. ब्राउझर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की, तो हे अडवितो काय?

कोण किती अडवितो?

मागावर राहण्याचे जुने साधन म्हणजे कुकी. तुम्ही ज्या संकेतस्थळावर गेलात त्याची स्वतःची कुकी उपयोगाची असते, तिच्यामुळे तुमचे लॉगिन लक्षात राहते. त्रास आहे तो त्रयस्थांच्या कुकीचा. सफारीने २०२० पासून त्या पूर्णपणे बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून ओळखीचे माग काढणारे अडविले आणि २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवण्यास सुरुवात केली. ब्रेव्ह तर जाहिराती आणि माग काढणारे प्रोग्रॅम दोन्ही सुरुवातीपासूनच रोखतो. गूगलने क्रोममधून अशा कुकी हटविण्याची घोषणा २०२० साली केली होती, परंतु २०२४ मध्ये तो बेत बदलला आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तशीच व्यवस्था चालू ठेवण्याचे जाहीर केले. क्रोम वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन त्या स्वतः बंद कराव्या लागतात.

जाहिराती रोखणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे प्रसिद्ध जोडसाधन क्रोममधील नियम बदलल्यामुळे आता तेथे पूर्ण रूपात चालत नाही, त्याची हलकी आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मात्र ते पूर्ण चालते, अँड्रॉइड मोबाईलवरसुद्धा. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये अशी जोडसाधने घालण्याची सोय नाही.

फुकट माल कोणाला परवडतो?

हे सर्व ब्राउझर फुकट मिळतात. धंदा करणाऱ्या माणसाने येथे थांबून विचार करावा की, फुकट देणाऱ्याचे घर कशावर चालते? अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात असे उघड झाले की, सफारीमध्ये आपले सर्च आयते असावे म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. फायरफॉक्स चालविणाऱ्या मोझिलाचेही मोठे उत्पन्न गूगलशी झालेल्या अशाच करारातून येते.

बहुतेक लोक आयती सेटिंग कधीच बदलत नाहीत, या भरवशावर एवढा पैसा लावला जातो. ती बदलायला मात्र आपल्याला एक रुपयाही लागत नाही.

बॅटरी कशी वाचवावी?

आठवडी बाजारात बसणाऱ्या विक्रेत्याची बॅटरी दुपारीच संपली तर गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाले की नाही, हे कळत नाही. अशा वेळी पैसे आले म्हणून खोटी पावती दाखविणाऱ्याचे फावते. म्हणून बॅटरी हा चैनीचा प्रश्न नव्हे.

बॅटरी सर्वांत जास्त खातो तो पडद्याचा उजेड आणि व्हिडिओ. तेथून सुरुवात करावी. संगणकावर न लागणाऱ्या टॅब बंद कराव्यात. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि ‘एनर्जी सेव्हर’, तर एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ ही सोय आहे. पडून असलेल्या टॅब त्यामुळे झोपी जातात.

कोणता ब्राउझर कमी बॅटरी खातो याचे सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही, कारण मोबाईल वेगळा आणि कामही वेगळे. पण परीक्षा सोपी आहे. तीन दिवस एक ब्राउझर आणि तीन दिवस दुसरा, नेहमीच्याच कामासाठी वापरावा. मोबाईलच्या सेटिंगमधील बॅटरीच्या पानावर कोणत्या ॲपने किती टक्के खाल्ले ते दिसते. दोन्ही आकडे लिहून ठेवावेत आणि मग निर्णय घ्यावा.

गुप्ततेविषयी दोन गैरसमज

पहिला गैरसमज ‘इन्कॉग्निटो’ खिडकीचा. ती फक्त तुमच्या यंत्रावरील इतिहास पुसते. संकेतस्थळ, इंटरनेट पुरविणारी कंपनी यांना तुम्ही दिसतच असता. याच मुद्द्यावर गूगलविरुद्ध २०२० साली अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ मधील तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

दुसरा गैरसमज कुलपाच्या चिन्हाचा. कुलूप म्हणजे वाटेत कोणी माहिती वाचू शकत नाही, इतकेच. समोरचा दुकानदार प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. क्रोमने तर २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकले. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तरी तिच्या नावाने पैसे उकळणारी संकेतस्थळे आहेत. सरकारी पत्ता बहुधा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो, तो अक्षर न् अक्षर वाचावा. फसवणूक झालीच तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर कळवावे.

मग निवड काय करावी?

अँड्रॉइड मोबाईलवर रोजच्या वाचनासाठी आणि भाव पाहण्यासाठी यूब्लॉक ओरिजिनसह फायरफॉक्स अथवा ब्रेव्ह घ्यावा. ब्रेव्हमधील जाहिरात-बक्षीस आणि क्रिप्टो यांच्या वाटेला जाऊ नये. आयफोन किंवा मॅक असेल तर सफारी पुरेसा आहे, त्यात जाहिरात रोखणारे साधन जोडावे. विंडोजच्या संगणकावर एज अथवा फायरफॉक्स चांगला. मोबाईलवर यूसी ब्राउझर अजून असल्यास काढून टाकावा. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये त्यावर बंदी घातली आहे.

बँक आणि जीएसटी यांसाठी मात्र दुसरा, वेगळा ब्राउझर ठेवावा. अडविणाऱ्या साधनांमुळे अशी पाने कधी कधी अडखळतात, म्हणून या कामाला क्रोम किंवा एज सोयीचा. त्यात दुसरे काही उघडू नये. घरखर्च आणि दुकानाचा गल्ला आपण वेगळा ठेवतो, तसेच हे आहे.

दुकानाच्या संगणकावर मुनीम, कामगार, मुले सारेच बसतात. तेथे बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन करू नये. गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते ही आपल्याकडील अमानत आहे, ती उघडी टाकू नये. ब्राउझर वेळच्या वेळी अद्ययावत करावा. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून येत नाहीत आणि विंडोज १० ची नेहमीची साथ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. अशा जुन्या संगणकावर बँकेचे काम करणे धोक्याचे आहे.

या सर्व कामाला अर्धा तास पुरतो आणि पैसा लागत नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी तो अर्धा तास काढावा आणि सहा दिवसांच्या परीक्षेनंतर आपल्या मोबाईलला जो मानवतो तोच ब्राउझर कायम करावा.