साठ दिवस, एकशेऐंशी शिफ्ट

चाकणच्या कुठल्याही व्हेंडरला विचारा, महिनाअखेरीला त्याची झोप उडवतो तो पीपीएमचा आकडा. दहा लाख नगांत किती नग रिजेक्ट झाले, एवढंच तो सांगतो. हाच हिशोब मी एका आजाराला लावून पाहिला. ‘बिलिअरी अट्रेशिया’ हे त्याचं नाव. यात तान्ह्या बाळाच्या यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या बुजत जातात. युरोप-अमेरिकेत साधारण १५ ते २० हजार बाळांत एकाला तो होतो, तैवानमध्ये पाच-सहा हजारांत एकाला. १५ हजारांत एक म्हणजे सुमारे ६७ पीपीएम.

२०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. हजारी १५ जन्म धरले, तर वर्षाला जवळजवळ २६ हजार बाळं. हाच दर लावला तर एवढ्या शहरात वर्षाला अशी एखाद-दोन बाळं निघतील. आणि खरी अडचण इथेच आहे. पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी सहा बाळं पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी पडतातच. “कोवळ्या उन्हात धर, उतरेल,” असं आजी सांगते आणि बहुतेक वेळा कावीळ उतरतेही. त्या हजारो पिवळ्या बाळांच्या गर्दीत हे एक बाळ हरवून जातं.

आता आत डोकावू. मोठ्या माणसाच्या यकृतातल्या सगळ्या पित्तनलिका सलग जोडल्या तर दोन किलोमीटरहून जास्त भरतात. पिंपरी चौकातून पायी निघालात तर जवळपास अर्ध्या तासाची वाट. बाळाच्या यकृताचं वजन मात्र दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि बाहेर पडणारी मुख्य नळी जेमतेम एक मिलिमीटरची. आतल्या सर्वांत बारीक फांद्या १५ मायक्रॉनच्याही आत. ज्याने ग्राइंडिंग मशीनवर काम केलंय त्याला १५ मायक्रॉन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. रक्तातली एक लिंफोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, सुमारे सात मायक्रॉनची असते. म्हणजे अशा दोन पेशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की नळीची रुंदी संपली.

आणि या पेशी किती? तीन किलोच्या बाळात रक्त असतं पाव लिटर. एका मायक्रोलिटरमध्ये पाच हजार लिंफोसाइट धरल्या, तर नुसत्या रक्तात १२५ कोटी होतात. रक्तात असतो तो एकूण लिंफोसाइटांचा अगदी लहान भाग. बाकीच्या प्लीहा, लसिका गाठी, आतडी यांत पसरलेल्या. हे सैन्य बाळाला वाचवण्यासाठीच आहे. या आजारात त्यातल्याच काही तुकड्या पित्तनलिकेच्या अस्तरावर तुटून पडतात. नॅचरल किलर पेशी आणि सीडी-८ टी पेशी अस्तराच्या पेशींना भोकं पाडून मारतात, इंटरफेरॉन-गॅमा सोडून आणखी कुमक बोलावतात. जखम भरताना व्रण धरतो आणि नळी बुजते. जोरात वाढणारी टी पेशी सुमारे आठ तासांत दुप्पट होते, म्हणजे एका शिफ्टला एकदा. एका पेशीपासून वीस शिफ्टांत दहा लाखांवर! आठवडाही पुरा होत नाही.

या सैन्याला आवरणाऱ्या पेशीही शरीरात असतात, त्यांना नियंत्रक टी पेशी म्हणतात. उंदरांवरच्या प्रयोगांनी फार मोलाचं काही दाखवलं. माकडांमधला एक रोटाविषाणू उंदराच्या पिल्लाला जन्मल्याबरोबर दिला तर नळ्या बुजतात; तोच काही दिवसांनी दिला तर बुजत नाहीत. त्या पहिल्या दिवसांत आवरणाऱ्या पेशी पुरेशा नसतात. इंटरफेरॉन-गॅमा नसलेल्या पिल्लांच्या नळ्या तर उघड्याच राहिल्या. माणसाच्या बाळात हल्ल्याची ठिणगी नेमकी कशाने पडते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. मग सैन्य दाबून टाकलं तर? अमेरिकेत १४० बाळांना शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइड किंवा औषध नसलेलं नुसतं ‘प्लासिबो’ देऊन पाहिलं. २०१४मध्ये निकाल आला: ठोस फरक नाही. तो वाचताना जीव हळहळला.

आज हातात आहे ती शस्त्रक्रियाच. जपानमधल्या सेंदाई इथे मोरिओ कसाई यांनी १९५५मध्ये ती पहिल्यांदा केली: बुजलेली नळी काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताच्या दाराशी जोडायचा. त्याच १९५५मध्ये आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. दोन्हींचा तेव्हा काही संबंध नव्हता, पण या शस्त्रक्रियेनंतर जोडलेल्या मार्गात वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि प्रतिजैविकांवाचून चालत नाही. शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. त्यानंतरही निम्म्याहून अधिक मुलांना कधी ना कधी यकृत प्रत्यारोपण लागतं. काहीच केलं नाही तर बहुतेक मुलं दोन वर्षंही पुरी करत नाहीत.

साठ दिवस म्हणजे १८० शिफ्ट.

खूण मात्र उघड्या डोळ्यांना दिसणारी. पित्त आतड्यात उतरलं नाही तर शीचा पिवळा रंग जातो. ती फिकी, भिंतीला लावायच्या पुट्टीसारखी होते. तैवानने २००४मध्ये देशभर घरोघरी रंगांचं कार्ड दिलं. आईने शीचा रंग त्याच्याशी ताडून पाहायचा. आजार झालेल्या बाळांपैकी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेलं. रंगाच्या कार्डाने! बंपरची शेड बॉडीच्या शेडशी किंचित जुळली नाही तरी ओळखणारी माणसं आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक पेंट शॉपमध्ये आहेत. त्यांच्या घरीही तान्ही बाळं आहेत.

चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील तर रक्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याची ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ ही तपासणी करायची. शी फिकी दिसली तर चौदा दिवसांचीही वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. चौदाव्या दिवशी ४२ शिफ्ट सरलेल्या असतात. उरतात १३८.