आजीला लागलेला शॉक आणि पिळायच्या रोलरवालं वॉशिंग मशीन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा एपिसोडचा लिखित भाग. अडखळणं, चहाचे घोट आणि मागून ओरडणारा कोंबडा तेवढा काढलाय.

मी सॉफ्टवेअरवाली. बीटेकला इलेक्ट्रिकलचा एकच पेपर होता, तोही कसाबसा सुटला. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते नवशिक्या माणसाचं समजून ऐका.

आमचं घर कर्जत तालुक्यात. आजोबा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी होते. १९७९ मध्ये मालकांनी बंगला विकला आणि जाताना त्यांचं जुनं विलायती वॉशिंग मशीन आजोबांना दिलं. टेम्पोत घालून ते घाट उतरून घरी आलं. पत्र्याचा चौकोनी टब, आत बाजूच्या भिंतीला पाणी घुसळणारी थाळी, आणि वर रबराचे दोन रोलर. बाजूचं हँडल फिरवायचं आणि ओला कपडा रोलरमधून काढायचा, म्हणजे पाणी निघतं. इंग्रजीत याला रिंगर म्हणतात. आपण उसाचा चरक म्हणूया, काम तेच.

आपल्याकडच्या पावसात ही काय चैनीची वस्तू होती, ते शहरातल्या लोकांना नाही कळणार. इथे जुलैमध्ये चादर चार-चार दिवस वाळत नाही. तरी हे मशीन जेमतेम दोन पावसाळे चाललं. आजी म्हणाली, "याला हात लावला की झिणझिण्या येतात." आजोबांनी हात लावून पाहिला, त्यांना काही झालं नाही. "तुझ्या मनाचे खेळ," असं म्हणून विषय संपला. आजीने परत मशीनला हात लावला नाही. पुढे टबात भाताचं बियाणं ठेवायला लागले. पण "आजी मशीनला घाबरते" हा घरातला विनोद झाला. लग्नकार्यात सगळे जमले की कोणीतरी तो सांगायचंच. मीसुद्धा हसलेय.

मागच्या वर्षी आजोबा गेले. माळा आवरताना मशीन खाली आलं आणि मी म्हटलं, करूया हे चालू.

पहिली चूक पहिल्याच तासात. नट खोलायला माझा नवाकोरा पान्यांचा सेट आणला. १३ नंबर घट्ट, १४ सैल. सैलवाला लावून जोर दिला आणि नटाचे कोपरे गोल करून टाकले! शेजारी रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले काका आहेत. ते बघून म्हणाले, "अगं, हे व्हिटवर्थ आहे." म्हणजे जुनं इंग्लिश माप, १८४१ पासूनचं, इंचातलं. पान्यावर नटाची रुंदी नाही, बोल्टचा व्यास लिहिलेला असतो. काकांनी जुने पाने दिले आणि काम हललं. विलायती जुनी वस्तू उघडणार असाल तर आधी मापं तपासा, जोर नंतर.

आता महत्त्वाचं. कितीही मोह झाला तरी जुनं मशीन थेट प्लगला लावायचं नाही. आतल्या वायरीवरचं रबर बिस्किटासारखं भुगा झालं होतं. ते सगळं बदललं. मग आपल्याकडचे वायरमन करतात ती सिरीज बल्बची टेस्ट केली. शंभरचा बल्ब मध्ये टाकून करंट बॉडीकडे जातोय का बघायचं. बल्ब पेटला नाही. मी खूश.

पण खोपोलीला मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे गेले तर त्यांनी मेगर लावला. मेगर ५०० व्होल्ट देऊन मोटरची गुंडाळी आणि लोखंडी बॉडी यांच्यातला रोध मोजतो. निदान १ मेगाओहम हवा. आला ०.०८, म्हणजे ८०,००० ओहम. गणित करा: २३० भागिले ८०,०००, जवळपास ३ मिलीअँपिअर. एवढ्यात बल्ब पेटत नाही, एमसीबी पडत नाही. पण माणसाला १ मिलीअँपिअरच्या आसपासही कळायला लागतं.

मी तिथेच स्टुलावर बसले. कारण मला मोरी आठवली. आजी अनवाणी, ओल्या दगडावर उभी, हात ओले. आजोबांच्या पायात कायम रबरी स्लिपर. करंटला जमिनीत जायला आजीमधून वाट होती, आजोबांमधून नव्हती. आजचा आकडा तेव्हा तेवढाच असेल असं नाही, मधे चाळीस पावसाळे गेलेत. पण झिणझिण्यांचं कारण हेच. त्यात मशीनला दोन पिनचा प्लग, आणि घरात अर्थिंग नाहीच. तीन भोकांचा सॉकेट होता, पण वरच्या भोकामागे वायरच नव्हती. खोपोलीचं पॉवरहाऊस १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. या दोघांच्या मधे आमचं घर, आणि अर्थिंगचा पत्ता नाही!

मोटर जळलेली नव्हती, दमट होती. ती पेटीत ठेवून शेजारी शंभरचा बल्ब सहा दिवस चालू ठेवला. रोध हळूहळू ७ मेगाओहमवर गेला. तरीही चालू केल्यावर नुसती घूं करून थांबली. या मोटरला सुरू होताना मदत करणारी वेगळी गुंडाळी असते आणि वेग आला की एक फिरता स्विच तिला बंद करतो. त्याचे पॉइंट गंजले होते. बारीक पॉलिश पेपर मारला, मोटर फिरली.

लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घेतला, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. मशीनपेक्षा यालाच जास्त पैसे लागले आणि मला ते पटतं.

रोलरचं रबर दगड झालं होतं, वर एका बाजूने चपटं. कारण दाबाचा स्क्रू इतकी वर्षं आवळलेलाच. (वापर झाला की तो सैल करून ठेवायचा असतो.) छापखान्याचे रोलर करणाऱ्यांकडून मुंबईत नवं रबर चढवून घेतलं, पण त्यांच्या नेहमीच्यापेक्षा कडक मागितलं. बटणवाले शर्ट घालताना बटणं आतल्या घडीत जायला हवीत, नाहीतर तुटतात. बोटं लांब. आमचं हाताने फिरवायचं आहे म्हणून बरं. अमेरिकेत मोटरवर फिरणारे रोलर होते, त्यात हात ओढले जायचे, म्हणून वर दाब सोडणारी दांडी असायची. तरी तिकडे मेटॅगने अशी मशीनं १९८३ पर्यंत बनवली.

पहिल्या दिवशी घरचे सगळे मोरीपाशी जमले. काकाने तोच जुना विनोद सुरू केला. मी मेगरचा कागद काढला आणि सगळं समजावून सांगितलं, स्लिपरसकट. कोणी काही बोललं नाही. आजीने विचारलं, "म्हणजे लागत होता ना?"

"लागत होता, आजी."

"मग त्यांना सांगायचंस ना," ती भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली. मग बराच वेळ गप्प.

मशीनला तिने त्या दिवशीही हात लावला नाही. चार दिवसांनी मी कामावरून आले तर दांडीवर तिचं लुगडं होतं, घट्ट पिळलेलं, रोलरच्या सरळ घड्या पडलेलं. आणि मोरीच्या दाराशी माझ्या रबरी स्लिपर, ओल्या.