खाडीतलं तांबं कुणाच्या अंगी लागतं?

खाडीच्या गाळात तांबं, शिसं, पारा किती, हे सगळेच विचारतात. खरा प्रश्न पुढचा आहे: त्यातलं कालवांच्या, किड्यांच्या अंगी किती लागतं?

काळा गाळ, कामाचा गाळ! खाडीचा काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा आणि कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. पण नाक मुरडू नका. प्राणवायू नसलेल्या या चिखलात सल्फाइड हे तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम यांना धरून ठेवतं. पाण्यात विरघळूच देत नाही. ड्रेजरने गाळ उपसला की त्याला प्राणवायू मिळतो, सल्फाइड मोडतं आणि धातू मोकळे होऊ लागतात. बंदर खोल करण्याआधी गाळ तपासायला हवा तो यासाठी.

पाच पायऱ्या. गाळातला धातू किती घट्ट बसला आहे हे ओळखायला 1979 मध्ये टेसिए आणि सहकारी शास्त्रज्ञांनी एकाच नमुन्यावर चढत्या ताकदीची रसायनं वापरायची पद्धत मांडली. सौम्य द्रावणातच सुटतो तो धातू काळजीचा. जहाल आम्लालाच दाद देणारा धातू खनिजात पक्का बसलेला असतो. जिवांना तो जवळपास मिळतच नाही.

तांबं पचवणारे किडे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या रेस्ट्राँगेट खाडीत जुन्या खाणींचं पाणी उतरतं. तिथल्या किलोभर सुक्या गाळात 2 ग्रॅमहून जास्त तांबं सापडलं आहे! तरी रॅगवर्म तिथे नांदतात. इतर खाड्यांतले त्यांचे भाऊबंद ज्या तांब्याने मरतात, त्यात हे तगतात. ग्लिसेरा नावाचा किडा तर आपल्या जबड्याच्या बळकटीसाठीच तांबं वापरतो.

पारा मात्र उलटा वागतो: चिखलात तो अधिक घातक होतो. चिखलातले काही जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात आणि तो माशांत साठत जातो. जपानच्या मिनामाटात तर कारखान्याच्या सांडपाण्यातूनच तो 1968 पर्यंत समुद्रात येत होता. त्याने माणसांना झालेला आजार 1956 मध्येच उघड झाला होता. ती 12 वर्षं अक्षम्य आहेत. पुढे 1977 ते 1990 या काळात सुमारे 15 लाख घनमीटर दूषित गाळ आवरावा लागला. त्यातून 58 हेक्टर भराव उभा राहिला.

कोकणच्या नावाची गोगलगाय. जहाजांच्या तळाला लावायच्या रंगात कथलाचं संयुग असे, ट्रायब्युटिलटिन. त्याने काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात. भारतात हे ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या जातीत नोंदलं गेलं. अशा रंगांवर जगभर बंदी आली 2008 मध्ये. पण प्राणवायूविना चिखलात हे संयुग फार सावकाश मोडतं, म्हणून जुन्या बंदरांचा गाळ आजही तपासावा लागतो.