जुने शिवणयंत्र

मुलांनो, संत तुकाराम नगरच्या एखाद्या घरात पलंगाखाली काळे, जुने शिवणयंत्र पडलेले असते. त्याचे चाक फिरत नाही, म्हणून ते भंगारात जाते. भंगारवाला फक्त लोखंडाच्या वजनाचे पैसे देतो. कदाचित त्याच यंत्रावर कुणाच्या नानीने गणवेश शिवून घर चालवले असेल!

असे यंत्र बहुधा मोडलेले नसते, नुसते अडकलेले असते. कुणीतरी त्यात खोबरेल तेल घालतो. ते तेल सुकते आणि गोंदासारखे चिकटते. जुने कारागीर यावर रॉकेल वापरत. पण रॉकेल पेट घेते, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. मशीनचे पातळ तेल प्रत्येक छिद्रात थेंब थेंब सोडा. रात्रभर थांबा. सकाळी चाक हलक्या हाताने मागेपुढे करा. जोर मुळीच लावू नका. नाही फिरले, तर पुन्हा तेल सोडा. दात्यांखाली साचलेला कापसाचा थर ब्रशने काढा. सोनेरी नक्षी घासू नका; ती गेली की परत येत नाही.

अमेरिकेतील आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. सिंगरच्या जुन्या यंत्रावर नंबर कोरलेला असतो. त्यावरून त्याचे वय कळते. गांधीजी यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध होते, तरी १९२४ मध्ये त्यांनी शिवणयंत्राला अपवाद मानले.

आता नवी सुई लावा. दोरा न ओवता चिंधीवर यंत्र चालवा. चिंधीवर तेलाचे डाग पडले, तर अजून पुसायचे बाकी आहे.