सरस लवकर गोठतोय? शेतातल्या युरियाला हात लावू नका!

भोर-वेल्ह्यात धनुष्यं बनवून विकायची आहेत, पण बांबूच्या पट्ट्या जुळवेपर्यंत सरस गोठतो? आधी फुकटचा उपाय करा: पट्ट्या कोमट करून घ्या. सरसाचं भांडं गरम पाण्यात, 60 अंशांच्या आसपास ठेवा. उकळलात तर ताकद गेली. तरी वेळ पुरत नसेल तर 100 ग्रॅम सुक्या सरसाला 10 ग्रॅम युरिया. पण घरातली गोणी उघडू नका! तो अनुदानाचा, 2015 पासून सक्तीने निंबोळी तेल लावलेला. धंद्यात वापरणं बेकायदा. टेक्निकल ग्रेडचाच घ्या, पक्क्या बिलावर. युरियाने सरस वाळतोही उशिरा, वेल्ह्याच्या पावसात तर जास्तच. गिऱ्हाइकाला तारीख देण्याआधी एक जोड चिकटवून, पूर्ण वाळवून, मोडून बघा.