नभोवाणीवर जन्मलेला शब्द

नभोवाणीवर उच्चारलेला शब्द म्हणजे वाऱ्यावर लिहिलेला शब्द, असें सामान्यतः मानलें जातें. वक्त्याचा आवाज थांबला आणि पुढचें गाणें सुरू झालें, कीं मागील भाषण श्रोत्याच्या मनांतून पुसलें जातें. परंतु एखादे वेळीं सबंध भाषण विसरलें जातें आणि त्यांतले दोनच शब्द तेवढे मागें राहतात. ते वक्त्याच्या मतांना, फार काय, त्याच्या आयुष्यालाही पुरून उरतात. शास्त्रांतील विचार सामान्य माणसापर्यंत पोंचविणें हें केवढें जबाबदारीचें काम आहे, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें अशा एका शब्दाची जन्मकथा अवश्य पाहावी.

२८ मार्च १९४९ रोजीं सायंकाळीं बी. बी. सी.च्या ‘थर्ड प्रोग्रॅम’वर फ्रेड हॉइल यांचें सुमारें वीस मिनिटांचें भाषण झालें. हॉइल हे केंब्रिज विद्यापीठांतील ज्योतिःशास्त्रज्ञ. वय त्या वेळीं तेहेतीस. ‘थर्ड प्रोग्रॅम’ ही शाखा गंभीर संगीत, नाटक आणि विचार यांची आवड असणाऱ्या श्रोत्यांसाठीं १९४६ सालीं सुरू झाली होती. नभोवाणीवरील निवडक भाषणें ‘लिसनर’ या साप्ताहिकांत छापून येत. हॉइल यांचेंही भाषण पुढील महिन्यांत त्यांत आलें. विषय होता विश्वाच्या उत्पत्तीचा. विश्वांतील सारें द्रव्य दूरच्या भूतकाळीं एका ठराविक क्षणीं एकदम निर्माण झालें, असें मानणारा एक पक्ष होता. हॉइल यांना तो मान्य नव्हता. त्या पक्षाचें म्हणणें श्रोत्यांना सांगतांना त्यांनीं ‘बिग बँग’ हे दोन शब्द वापरले. घरगुती मराठींत सांगावयाचें तर ‘मोठा धडाका’. विश्वारंभाच्या उपपत्तीला आज जगभर रूढ असलेलें नांव मिळालें तें असें. आणि तें दिलें तिच्या विरोधकानें.

हा वाद काय होता, हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे. आकाशगंगेच्या पलीकडे तिच्यासारख्याच असंख्य दीर्घिका आहेत, आणि त्या एकमेकींपासून दूर दूर जात आहेत. जी जितकी लांब, तितका तिचा वेग अधिक, असें एड्विन हबल यांनीं १९२९ सालीं निरीक्षणांनीं दाखविलें. आज जर सर्व दीर्घिका पांगत आहेत, तर पूर्वीं त्या अधिक जवळ असल्या पाहिजेत, आणि फार फार पूर्वीं सर्व द्रव्य एकत्र दाटलेलें असलें पाहिजे, हा विचार ओघानेंच आला. बेल्जममधील धर्मोपदेशक आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनीं १९३१ सालीं तो स्पष्टपणें मांडला. जॉर्ज गॅमो व त्यांचे सहकारी यांनीं १९४८ सालीं त्याला अणुशास्त्राची जोड दिली.

त्याच १९४८ सालीं हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड या तिघां मित्रांनीं उलट मत पुढें केलें. विश्व प्रसरण पावत असलें, तरी त्याला आरंभ नाहीं आणि अंतही नाहीं. दीर्घिका पांगून जी जागा मोकळी होते, तेथें अत्यंत मंद गतीनें नवें द्रव्य निर्माण होत राहतें. म्हणून विश्वाचें एकंदर रूप सदैव सारखेंच दिसतें. हीच स्थिर-स्थितीची उपपत्ति होय. हॉइल यांच्या सांगण्याप्रमाणें तिचें बीज एका बोलपटांत होतें. १९४५ सालीं निघालेला ‘डेड ऑफ नाइट’ हा भुताखेतांचा चित्रपट तिघांनीं पाहिला होता. त्याची गोष्ट शेवटीं पुन्हा आरंभाशीं येऊन मिळते. विश्वाचीही रचना अशीच असेल तर, असा प्रश्न गोल्ड यांनीं केला आणि विचारचक्र सुरू झालें. करमणुकीनें शास्त्राला एक कल्पना दिली. पुढें शास्त्रानें करमणुकीला एक शब्द दिला. पंडितांचें जग आणि लोकांचें जग यांच्यामध्यें भिंत आहे असें म्हणणाऱ्यांनीं हें देणेंघेणें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

हॉइल यांचा विरोध केवळ हट्टाचा नव्हता. त्या काळच्या मापांवरून विश्वाचें वय सुमारें दोनशें कोटी वर्षें येत होतें, आणि किरणोत्सर्गी खनिजांवरून पृथ्वीचें वय त्याहून अधिक ठरत होतें. मुलगी आईपेक्षां वडील, असा हा प्रकार! दीर्घिकांचीं अंतरें मोजण्यांतील चूक १९५२ पासून उमगत गेली, तेव्हां ही विसंगति हळूहळू मिटली. आज विश्वाचें वय सुमारें १३८० कोटी व पृथ्वीचें सुमारें ४५० कोटी वर्षें धरलें जातें. परंतु १९४९ सालीं हॉइल यांची शंका रास्त होती. तसेंच, रिकाम्या अवकाशांत नवें द्रव्य निर्माण होतें ही स्वतःची कल्पनाही श्रोत्याला चमत्कारिक वाटेल, हें ते ओळखून होते. म्हणून १९५० सालच्या आपल्या गाजलेल्या भाषणमालेवरील पुस्तकांत त्यांनीं तिचें माप असें सांगितलें, कीं लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलएवढ्या जागेंत वर्षभरांत फार तर एक अणु निर्माण होईल. नुसता आंकडा सांगितला असता, तर तो कोणाच्या ध्यानांत राहिला नसता. त्या भव्य मंदिराची पोकळी आणि तींत वर्षाकाठीं येणारा एकच अणु, हें चित्र मात्र तत्काळ मनासमोर उभें राहतें.

या कौशल्याची दुसरी बाजू ‘बिग बँग’ या शब्दांत दिसते. धडाका म्हटला, कीं ऐकणाऱ्याच्या मनांत कांहीं गोष्टी आपोआप येतात: एक ठराविक जागा, भोंवतालचा मोकळा अवकाश, आणि त्यांत दाही दिशांना उडालेले तुकडे. उपपत्तींत यांपैकीं कांहींच नाहीं. तिच्या मतें द्रव्य हें रिकाम्या अवकाशांत उडत नाहीं. अवकाशच ताणला जातो आणि त्याबरोबर दीर्घिका एकमेकींपासून दुरावतात. त्या प्रसरणाला मध्य नाहीं. आणि धडाका ऐकण्यास कोणी बाहेर उभा राहील म्हणावें, तर ‘बाहेर’ असें कांहीं मानण्याची तिला गरजच नाहीं. शिवाय अगदीं पहिल्या क्षणीं काय झालें, याविषयीं ती फारसें सांगतही नाहीं. अतिदाट व अतितप्त स्थितींतून पुढें विश्व कसें घडत गेलें, हें ती सांगते.

हें समजाविण्यासाठीं शिक्षक बहुधा फुग्याची उपमा देतात. फुग्यावर शाईचे ठिपके काढावेत आणि तो फुगवावा. प्रत्येक ठिपका इतर सर्वांपासून दूर जातो, आणि कोणत्याही ठिपक्यावर बसलेल्या मुंगीला आपणच मध्यावर आहों असें वाटतें. उपमा सुंदर आहे. परंतु चौकस मूल लगेच विचारतें, कीं फुग्याच्या पोटांत तर मध्य आहे! त्यावर शिक्षकानें सांगावयाचें, कीं विश्वाची तुलना फुग्याच्या केवळ पृष्ठभागाशीं आहे, आंतल्या हवेशीं नाहीं. म्हणजे एका चित्रानें सोडविलेली गांठ दुसरीकडे पडते. दोष उपमा देण्यांत नाहीं. ती कोठपर्यंत चालते हें न सांगण्यांत आहे.

वादाचा निकाल निरीक्षणानें लागत गेला. १९६५ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथें आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन हे एका मोठ्या अँटेनावर काम करीत होते. तींत एक बारीक खरखर सतत येई. त्यांनीं यंत्र तपासलें, त्यांत घर करून राहिलेलीं कबुतरें हाकललीं, तरी खरखर जाईना. आणि अँटेना कोणत्याही दिशेला वळविली तरी ती सारखीच! विश्व सुमारें ३ लक्ष ८० हजार वर्षांचें असतांना मोकळा झालेला प्रकाश, आतां निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या तीन अंशांइतका थंड होऊन, सूक्ष्मलहरींच्या रूपानें येत होता. विश्वारंभ हा एखाद्या ठिकाणचा धडाका असता, तर ही धग त्या एका बाजूनें अधिक आली असती. ती सर्व बाजूंनीं सारखी येते, कारण तो आरंभ सर्वत्र झाला होता. ज्या उपपत्तीचें नांव नभोवाणीवर उच्चारलें गेलें, तिचा बळकट पुरावाही असा रेडिओलहरींच्या खरखरींतून मिळाला, आणि त्याच पुराव्यानें त्या नांवांतलें वैगुण्यही उघड केलें. पेंझियस व विल्सन यांना १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. स्थिर-स्थितीची उपपत्ति मागें पडली.

नांव मात्र आतां कोठें पसरूं लागलें होतें. १९४९ नंतर पुष्कळ वर्षें शास्त्रज्ञांच्या लेखांत तें क्वचितच आढळे. १९६५ नंतर तें रुळलें, आणि मग शास्त्राच्या अंगणांतून बाहेर पडलें. १९८६ सालीं लंडनच्या शेअर बाजाराचे नियम एका दिवसांत पालटले, तेव्हां त्या घटनेला हेंच नांव मिळालें. २००७ पासून २०१९ पर्यंत चाललेल्या एका अमेरिकन विनोदी दूरचित्रवाणी-मालिकेनें तें घरोघरीं नेलें. दरम्यान १९९३ सालीं ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या मासिकानें उपपत्तीला अधिक योग्य नांव सुचविण्याची स्पर्धा लावली. ४१ देशांतून १३,०९९ सूचना आल्या. परीक्षकांत कार्ल सेगन यांच्यासारखे ख्यातनाम शास्त्रप्रसारक होते. त्यांना एकही सूचना जुन्या नांवाहून सरस वाटली नाहीं. हॉइल यांनींच उतारवयांत म्हटलें होतें, कीं शब्द हे देवमासा मारण्याच्या काटेरी भाल्यासारखे असतात; एकदां रुतले कीं उपटून निघणें कठीण.

हॉइल यांनीं हा शब्द प्रतिपक्षाची थट्टा करण्यासाठीं योजिला, असें पुष्कळदां सांगितलें जातें. त्यांनीं स्वतः हें नाकारलें. नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं, म्हणून शब्दानेंच चित्र काढावें लागतें, एवढाच आपला हेतु होता, असें त्यांचें म्हणणें. तें खरें मानण्यास हरकत नाहीं. कारण चित्रमय लेखन हा त्यांचा स्वभावच होता. १९५७ सालीं त्यांनीं ‘द ब्लॅक क्लाउड’ ही वैज्ञानिक कादंबरी लिहिली, आणि त्याच वर्षीं, जड मूलद्रव्यें ताऱ्यांच्या पोटांत कशीं शिजतात हें दाखविणारा सुप्रसिद्ध निबंधही तीन सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केला. प्रतिपक्षाचे गॅमोही तसेच. त्यांच्या ‘मिस्टर टॉम्पकिन्स’च्या गोष्टींनीं अनेक पिढ्यांना सापेक्षतेची गोडी लावली. ओडिशाच्या बिजू पटनाईक यांच्या पुढाकारानें व युनेस्कोच्या वतीनें शास्त्रप्रसारासाठीं दिलें जाणारें कलिंग पारितोषिक १९५६ सालीं गॅमो यांना मिळालें आणि १९६७ सालीं हॉइल यांना. विश्वारंभाविषयीं जे एकमेकांशीं झगडले, ते लोकांना शहाणें करण्याच्या कामांत एकाच मानाचे धनी ठरले.

हेंच पारितोषिक १९९६ सालीं हॉइल यांचे शिष्य जयंत विष्णु नारळीकर यांना मिळालें, आणि ही कथा मराठी घरापाशीं येऊन पोंचते. मराठींत ‘बिग बँग’चा ‘महास्फोट’ झाला. इंग्रजी शब्द पोरकट आहे. फटाका उडवून पळणाऱ्या मुलाचा आहे. मराठी शब्द संस्कृताचीं वस्त्रें लेवून आला. ‘महाप्रलया’शेजारीं बसावा असें गांभीर्य त्याला आलें. ‘महा’नें त्याचा खट्याळपणा गेला, परंतु ‘स्फोटा’नें चुकीचें चित्र अधिकच ठसलें. भाषांतरांत शब्दाचा सूर पालटला, दोष मात्र तसाच राहिला.

नारळीकर यांनीं महास्फोटाविषयींच्या शंका अखेरपर्यंत सोडल्या नाहींत. १९९३ सालीं हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनीं स्थिर-स्थितीचें नवें रूपही मांडलें. त्यांच्या बाजूला फार थोडे शास्त्रज्ञ होते. परंतु शास्त्र लोकांपुढें कसें न्यावें, याविषयीं त्यांचा मार्ग अनुकरणीय होता. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें पाठविली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. पुढें स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, कीं एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तर सहीनिशीं मिळेल. आणि तशीं उत्तरें ते खरोखरच पाठवीत. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें, तेव्हां अनेक घरांत तीं पोस्टकार्डें जपून ठेवलेलीं होतीं.

सुटसुटीत शब्द एका क्षणांत लाखोंच्या कानीं जातो. शंकेचें उत्तर एकेकाला सावकाश द्यावें लागतें. शास्त्रप्रसाराला दोहोंची गरज आहे. चित्रमय शब्दावांचून श्रोता दाराशींच येणार नाहीं. आणि प्रश्न विचारण्याची सोय नसेल, तर तो दारावरचें चित्र पाहून घर पाहिल्याच्या समाधानांत परत जाईल. म्हणून मुलानें घरीं ‘महास्फोट कोठें झाला?’ असें विचारलें, तर त्याला गप्प बसवूं नये. हा प्रश्न शब्दाच्या दोषांतूनच उपजलेला आहे, आणि त्याचें उत्तर शोधूं लागणें हाच त्या दोषावरील उपाय आहे.